मोडलेली फ्रेम जोडताना



आपल्या एका वर्गमित्राला दोन चाकांवर तोल सांभाळत नाही. पुढे दोन, मागे एक चाक असलेली, रेलून चालवायची सायकल हाच त्याचा घराबाहेरचा रस्ता. तिची स्टीलची फ्रेम सांध्यापाशी तडकली आणि ती माझ्या वर्कशॉपमध्ये आली.

तड्यावर नुसतं वेल्डिंग केलं, तर शेजारी पुन्हा तडा जाण्याची भीती. म्हणून रंग खरवडून तडा कुठवर गेलाय ते पाहिलं, खराब पाइप कापला, आत घट्ट बसणारा तुकडा घालून नवा पाइप जोडला. पुढची चाकं समांतर आहेत ना, हे मोजलं. नाहीतर टायर घासतात.

सर, ‘आधी मोजा, मग कापा’ ही तुमची शिकवण कामी आली. आज तो त्याच सायकलवरून इथे आलाय.