पाहणीला कोणी बोलवायचे?

पुनर्विकासात सोसायटी बाहेरचा प्रकल्प सल्लागार नेमते. पण अग्निशमन दलाला पाहणीसाठी कोणी बोलवायचे, हे पुष्कळदा करारात नसते. सल्लागार कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, कंत्राटदार सोसायटीकडे. तोवर पाइपांवर फॉल्स सीलिंग चढते. पुढे गळती निघाली की तेच फोडावे लागते; भोगवटा प्रमाणपत्र लांबते.

म्हणून करारातच एकाचे नाव घाला आणि सीलिंग लावण्यापूर्वी पाइपांची दाबचाचणी घ्या. काम संपले की सल्लागार जातो. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची वा भोगवटादाराची; दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते घेताना जिन्यातला हायड्रंट एकदा उघडून दाखवायला सांगा. पाणी आले, तरच कागद खरा.