दुखत नाहीं तो चट्टा

चुलीवरील तापलेलें पातेलें उतरवितांना बोट भाजतें आणि विचार करण्यापूर्वींच हात मागें येतो. त्या क्षणार्धांत बोटाकडून मज्जारज्जूस वार्ता जाते व तेथून हुकूम परत येतो. ही वार्ता वाहणाऱ्या मज्जापेशीचा देह सूक्ष्मदर्शकावांचून दिसत नाहीं. परंतु तिच्यापासून निघणारा धागा कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, म्हणजे सुमारें १ मीटर लांब असूं शकतो.

एवढा लांब धागा एकाकी जगत नाहीं. त्याच्या अंगाशीं सोबती पेशींची ओळ बसलेली असते. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचें नांव त्यांस मिळालें आहे. जाड धाग्यांभोंवतीं त्या वेढे देऊन स्निग्ध वेष्टन घालतात, आणि वेष्टनांतील फटींमधून वार्ता जणूं उड्या घेत धांवते. बारीक धागे त्याच पेशींच्या घड्यांत वसतात. अशा असंख्य धाग्यांच्या जुड्या, त्यांवरील आवरणें व रक्तवाहिन्या मिळून एक मज्जातंतु होतो.

कुष्ठरोगाचा घाला पडतो तो याच घडणीवर. हॅन्सन यानें १८७३ सालीं शोधलेला त्याचा जंतु सोबती पेशींतच घर करतो. शरीराचा थंड भाग त्यास मानवतो. म्हणून कोंपरापाशीं त्वचेलगत असलेला मज्जातंतु जाड झालेला हातास लागतो. मुंबईंत या रोग्यांसाठीं वडाळ्याचें ॲक्वर्थ रुग्णालय १८९० सालीं स्थापन झालें. पुढें परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं रोगाच्या आरंभींच्या चट्ट्यांचे सूक्ष्म छेद तपासले. तो अभ्यास १९५१ सालीं प्रसिद्ध झाला. चट्टा क्षुल्लक दिसत असतांही त्वचेंतील बारीक मज्जातंतूंपर्यंत रोग पोहोंचलेला असतो, हें त्यांतून दिसलें.

सोबती पेशी बिघडली कीं वेष्टन ढांसळतें व धागा मरतो. मग बोट भाजतें, पण वार्ता निघत नाहीं. न कळलेली जखम चिघळते. बोटें झिजतात तीं बहुधा अशीं. जंतु तीं खातात, ही समजूत खोटी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं सुचविलेल्या संयुक्त औषधोपचारानें जंतु मरतात. तुटलेला धागा मात्र दिवसास सुमारें १ मिलिमीटर वाढतो, आणि तोही सोबती पेशींची ओळ शाबूत असेल तरच. फार काळ लोटल्यावर गेलेली संवेदना सहसा परत येत नाहीं.

म्हणून गिरगांव असो वा लालबाग, अंगावरील फिकट चट्ट्यास स्पर्श कळेनासा झाला तर विनाविलंब रुग्णालय गांठावें. दुखत नाहीं म्हणून स्वस्थ बसूं नये. न दुखणें हेंच तेथें रोगाचें लक्षण आहे.