रोग एक, दप्तरे तीन



डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या दगावला. माणसांशी झालेल्या संघर्षानंतर हे वाघ आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातून तेथे हलविण्यात आले होते. भोपाळच्या प्रयोगशाळेत निदान झाले ते बर्ड फ्लूचे. रोग एकच, परंतु वाघाचे दप्तर वन विभागाकडे, कोंबडीचे पशुसंवर्धनाकडे आणि माणसाच्या तापाचे आरोग्य विभागाकडे.

भातपट्ट्यातील जपानी मेंदूज्वराचेही तसेच. त्याचा विषाणू डुकरांत वाढतो, पण मोठे डुक्कर सहसा आजारी दिसत नाही. साहजिकच त्याला कोणी पशुवैद्यकाकडे नेत नाही. पहिली वर्दी मिळते ती बालरुग्ण कक्षात.

आम्हांस अधिक चिंता आहे ती रेबीजची. पिसाळलेले कुत्रे एकाच फेरीत बैलाला, शेळीला आणि शाळकरी पोराला चावते. बैल पशुवैद्यकीय दवाखान्यात, पोर आमच्याकडे. आणि दोन्ही दवाखान्यांची गाठ पडेलच असे नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, म्हणून दोन दिवस आधी मिळालेला निरोप मोलाचा. त्वचेत द्यावयाची लस पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी द्यावी लागते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडच्या माणसाने सातवा दिवस कसा पाळावा?

आम्ही हिशेबाची माणसे, तेव्हा एक खातेवहीची गोष्ट सांगतो. कुत्र्यांना लस टोचण्याचा खर्च एका खात्यात पडतो आणि त्यामुळे वाचणारा पैसा दुसऱ्याच खात्यात दिसतो. स्वतःच्या ताळेबंदात न दिसणाऱ्या लाभासाठी खर्च करावयास फार थोडे अधिकारी धजावतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपविण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला. नागपुरात राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. त्यांचे स्वागतच आहे. तथापि गावपातळीवर आज गरज आहे ती दूरध्वनीची आणि सामायिक नोंदवहीची. श्वानदंशाच्या प्रत्येक रुग्णाचे गाव आणि कुत्र्याचे वर्णन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे व तिकडूनही तशीच वर्दी यावी, असा आमचा प्रस्ताव विश्वस्त मंडळासमोर आहे. देणगीदारांकडे मागणे आहे ते खोल जखमांसाठी लागणाऱ्या महागड्या रेबीज इम्युनोग्लोब्युलिनच्या साठ्याकरिता आणि दूरच्या रुग्णांच्या मुक्कामाकरिता.

आप्तेष्टांस एवढीच विनंती : चावा होताच जखमेवर हळद वा चुना न लावता ती वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक निघावे.