थंडीचे दिवस, घरातील कुत्री आणि घराचा वास
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



पंधरा दिवसांपूर्वी आपल्या चिटणीसबाईंनी मला भाजीबाजारात गाठले आणि म्हणाल्या, "वर्धापनदिनाला तुम्ही दहा मिनिटे बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी कशावर बोलणार?" त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे दोन कुत्री आहेत, तरी घरात वास म्हणून येत नाही. तेच सांगा." मला हसू आले, कारण एका संक्रांतीला आमच्या घरात एवढा वास येत होता की, हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी वाण घेताना पदर नाकाशी धरला होता. त्या बाई आज इथेच बसल्या आहेत. त्यांचे नाव मी घेणार नाही. पण त्यांचे उपकार माझ्यावर फार मोठे आहेत, ते कसे ते पुढे सांगते.

ही 2018 सालची गोष्ट. आमची ठकी तेव्हा नऊ वर्षांची होती. साधी गावठी कुत्री, पण घरातल्या माणसासारखी. दुसरा काळू, तो तेव्हा पिल्लूच होता. आपल्या नाशकाची थंडी तुम्हांला ठाऊकच आहे. तिकडे निफाडला पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा आपल्याकडेही बोटे वळत नाहीत. उन्हाळ्यात अंगणात पडून राहणारी कुत्री दिवाळीनंतर घरात येतात. आपण खिडक्या लावून घेतो. कपाटातल्या रजया, घोंगड्या, सतरंज्या बाहेर निघतात आणि हे सारे सामान वास धरून ठेवणारे. कुत्र्याला आंघोळ घालायला जीव होत नाही. त्यात घातलीच तर अंग लवकर वाळत नाही. ओल्या कुत्र्याला जो विशिष्ट वास येतो तो पाण्याचा नव्हे. त्याच्या केसांत जे सूक्ष्म जंतू व बुरशी असते, त्यांच्यापासून तयार झालेली द्रव्ये ओलाव्याबरोबर हवेत उडतात, त्यांचा तो वास. म्हणजे ओले कुत्रे बंद खोलीत घेतले की सारे घर त्या वासाने भरते.

आणि सर्वांत वाईट गोष्ट अशी की, हे घरच्यांना कळतच नाही. एकच वास सतत येत राहिला की नाक काही मिनिटांतच त्याची दखल घेणे सोडून देते. मला मुळीच वास येत नव्हता. म्हणून पहिली युक्ती हीच सांगते. सकाळी फिरून परत याल तेव्हा उंबऱ्यावर क्षणभर थांबा आणि दार उघडल्याबरोबरचा पहिला श्वास नीट घ्या. तुमच्या घराचा खरा वास त्या एका श्वासातच कळतो. दुसऱ्या श्वासाला तो जातो. ते जमत नसेल तर स्पष्टवक्त्या शेजारणीला बोलवावे. अशी एक तरी शेजारीण प्रत्येकीला असतेच!

पदर नाकाशी गेलेला पाहून मी काय केले? जे कोणीही करील तेच. संतापले, रात्री थोडी रडलेही, आणि दुसऱ्या दिवसापासून घरावर फिनाईलचा मारा सुरू केला. लादी दोनदा फिनाईलने, कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ धूप आणि उदबत्त्या. सूनबाई म्हणाली, "आई, आता घराला दवाखान्याचा आणि देवळाचा मिळून वास येतोय." आठ दिवसांत ठकीचे तळपाय लालबुंद झाले आणि ती ते सारखे चाटू लागली. भगिनींनो, कुत्रे अनवाणी चालते आणि मग पाय चाटते. म्हणजे लादीवर जे आपण ओततो ते त्याच्या पोटात जाते. फिनाईल त्याला बाधते. डांबराच्या गोळ्या तर विषच आहेत, एखादी गोळी चघळली तरी जिवावर बेतू शकते. कापूरही त्याच्या तोंडाच्या टप्प्यात ठेवू नये. शिवाय ज्याचे नाक आपल्याहून कितीतरी पटीने तिखट, त्याला त्या धूपदीपात कोंडणे म्हणजे शिक्षाच.

पण खरी गोष्ट याहून गंभीर होती. त्याच दिवसांत ठकी पाणी फार पिऊ लागली होती. भांडे भरावे आणि तासाभरात रिकामे. घरात कधी न मुतणारी ती, आता रात्री दाराशी मुतू लागली. मी म्हटले, म्हातारी झाली, थंडी आहे, चालायचेच. तिच्या अंथरुणाला एक गोडसर कुजका वास येई. त्यावरही मी उदबत्तीच लावली. मुलगा मुंबईहून सुटीवर आला होता. त्याने तिला जवळ घेतले आणि म्हणाला, "आई, हा घराचा वास नाही, ठकीचा आहे. तिचं पोट बघ किती फुगलंय." त्याच संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. तिच्या गर्भाशयात पू झाला होता. ज्या कुत्रीची संततिनियमनाची शस्त्रक्रिया केलेली नसते तिला उतारवयात हा आजार पुष्कळदा होतो, आणि बहुधा माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत होतो. डॉक्टर म्हणाले, आणखी एक-दोन दिवस काढले असते तर कुत्री हाताला लागली नसती. रात्रीच शस्त्रक्रिया झाली. मी बाहेर बाकावर बसून होते. माझ्या अंगावरच्या शालीला उदबत्तीचा वास येत होता, आणि मला त्या वासाची इतकी शरम वाटली की काय सांगू.

ठकी वाचली. पुढे चार वर्षे जगली. त्या पदर धरणाऱ्या बाईंनी मला वास दाखवला नसता, तर मुलाच्या म्हणण्याकडे मी कदाचित कानाडोळाच केला असता. म्हणून म्हटले, उपकार.

तेव्हापासून मी वासाचे दोन भाग करते. घराचा वास आणि जनावराचा वास. नेहमीपेक्षा निराळा वास आला की आधी कुत्र्याला हुंगावे; लाजू नये. कानाला आंबूस वास येऊन ते डोके झाडीत असेल, तर कान बिघडलेला असतो. तोंडाला घाण येत असेल तर दात किडतात-हलतात, क्वचित मूत्रपिंडाचेही कारण असते. मागच्या बाजूने मासळीसारखा उग्र वास येत असेल आणि ते जमिनीला बूड घाशीत असेल, तर तिथल्या लहान ग्रंथी भरलेल्या असतात. ह्या कशालाही साबण आणि सुगंध उपयोगी नाही, डॉक्टरच हवेत.

आता घराच्या वासाकडे वळते. त्यात माझा मुख्य भर अंथरुणावर. कुत्र्याला कापसाची गादी मुळीच देऊ नका. ती धुता येत नाही, वाळत नाही, आणि वास पोटात साठवून ठेवते. जुन्या नऊवारीच्या पातळ गोधड्या शिवा, प्रत्येकाला दोन-दोन. माझा नियम असा आहे की, जे बादलीत मावते तेच कुत्र्याचे अंथरूण. दर आठवड्याला एक धुवायची, कढत पाण्यात, आणि दुसरी घालायची. पिसवांची अंडी कुत्र्याच्या अंगावर राहात नाहीत, ती अंथरुणात आणि फरशीच्या भेगांत गळतात. म्हणून कुत्र्याला औषध लावले आणि गोधडी तशीच ठेवली, तर पिसवा परत येतात. आपल्याकडे थंडीतले ऊन कोरडे आणि चांगले कडक असते. न धुतलेल्या दिवशीही गोधडी उन्हात टाकली की निम्मा वास जातो. ज्यांच्या घराला ऊन नाही, त्यांनी गच्चीची किल्ली मिळवावी. त्यासाठी सोसायटीत भांडावे लागले तरी भांडावे.

दुसरे केसांचे. थंडीच्या सुरुवातीला आणि शेवटाला कुत्री केस फार टाकतात. रोज पाच मिनिटे ब्रश करावा, पण घराबाहेर. आमच्याकडे हे काम ह्यांच्याकडे आहे, आणि ते वर्तमानपत्र वाचता वाचता करतात, त्यामुळे पाच मिनिटांचे पंचवीस होतात. केर कोरड्या केरसुणीने काढलात तर केस नुसते उडतात. किंचित ओलसर फडके लांब काठीला गुंडाळून फिरवावे, केस आपोआप गोळा होतात.

आंघोळ थंडीत तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरे. फार वेळा घातली तर कातडी कोरडी पडते, कोंडा होतो, खाज सुटते आणि खाजवलेल्या जागी वास वाढतो. आपला साबण वापरू नये, कारण आपली कातडी किंचित आम्ल असते, त्यांची जवळजवळ तशी नसतेच. त्यांचा निराळा मिळतो तो घ्यावा. वेळ दुपारी अकरा ते दोन. पाणी कोमट. मुख्य म्हणजे केस वरून नव्हे, मुळापासून वाळेपर्यंत त्याला घरात घेऊ नये. मधल्या दिवसांत ओल्या फडक्याने पुसले की भागते. फिरून आल्यावर दाराशीच गोणपाटावर उभे करून चारही पाय पुसावेत, बोटांच्या मधलीही जागा.

आता मुताचे. जरा संकोच वाटतो, पण तेच खरे दुखणे. घाई करून त्यावर पाण्याची बादली ओतू नका, ते पसरते. आधी जुने वर्तमानपत्र किंवा फडके दाबून टिपून घ्यावे, घासू नये. मग गार पाण्याने पुसावे. इतके करूनही ढगाळ दमट दिवशी वास परत येतो, कारण मुतातली वासाची द्रव्ये पाण्याने पूर्णपणे निघत नाहीत, फरशीच्या सांध्यांत बसतात आणि ओल लागली की जागी होतात. त्यासाठी एन्झाइमचे द्रव बाजारात मिळतात. ते टाकून दहा-पंधरा मिनिटे ओलेच राहू द्यावे, लगेच पुसू नये, आणि त्यात फिनाईल मिसळू नये, नाहीतर दोन्ही वाया. व्हिनेगर पाण्यात घालून पुसण्याचा सल्ला सर्वत्र देतात. तो साध्या चिनी मातीच्या फरशीला ठीक आहे. पण आपल्याकडे किती घरांत शहाबादी आहे, मोझाईक आहे, ओट्याला कडप्पा आहे! हे सारे चुन्याच्या जातीचे दगड आणि सिमेंट. व्हिनेगर असो की लिंबू, त्यावर पांढरे डाग पडतात ते जन्मभर जात नाहीत. माझ्या जिन्याशी असा एक डाग आहे. पाहायचा असेल तर या.

सतरंजीवर खाण्याचा सोडा भुरभुरावा, अर्ध्या तासाने झाडून घ्यावा. तेवढा वेळ कुत्र्याला बाहेर ठेवावे, नाहीतर ते चाटत बसते. आणि एक अगदी कळकळीने सांगते: मुतावर ब्लीचिंग पावडर टाकू नका, आणि ब्लीचिंग संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर तर कधीही नको. दोन्हींतून विषारी वायू निघतात, ते माणसालाही बाधतात. साफ करताना हातमोजे घालावेत, मग हात साबणाने धुवावेत.

हवा मात्र फुकट आहे. थंडीत पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते, तेव्हा खिडक्या उघडण्यात अर्थ नाही. ऊन वर आले की, दहा-साडेदहाला, समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटे उघड्या टाकाव्यात. एवढ्याने घर गार पडत नाही.

आधी एका भगिनीने मला कानात विचारले की, कुत्र्याला रजईत घ्यावे की नाही? ह्या बाबतीत मी भाषण करण्यास अपात्र आहे. आमच्या घरी ह्या प्रश्नावर दोन पक्ष आहेत आणि रात्री अकरानंतर काळू ह्यांच्या पक्षात जातो. सकाळी माझ्या हाती रजईची खोळ येते, ती मी धुते. तीही बादलीत मावते. चिटणीसबाई चहा झाल्याची खूण करीत आहेत, तेव्हा मी आता खाली बसते.