दुसरे वाद्य हाती घेताना : बासच्या माउथपीसची निवड

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेत कारकून आहे. दिवसभर आकडे आणि नोटा हेच माझे काम. संगीतावर बोलण्याचा अधिकार माझा नाही, असे कोणी म्हटले तर ते मला मान्य आहे. परंतु कॉलेजची तीन वर्षे मी लग्नसराईत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवून फी भरली आणि त्यातल्या शेवटच्या वर्षी मला बास हाती घ्यावा लागला. त्या वर्षी केलेल्या चुका आज आपल्या पलूस भागातील मुलांनी पुन्हा करू नयेत, एवढ्याचसाठी मी उभा आहे. बँड हा आपल्यापैकी अनेक घरांचा पोटाचा उद्योग आहे. पोलीस भरतीतही बॅन्ड्समनची पदे निघतात. तेव्हा हा विषय केवळ हौसेचा नाही.

ट्यूबा, म्हणजे ज्याला आपण सरळ बास म्हणतो, तो १८३५ साली बर्लिनमध्ये विप्रेख्ट आणि मोरित्झ या दोघांनी तयार करून त्याचे पेटंट घेतले. पुढे सैनिकी बँडबरोबर ही वाद्ये आपल्या देशात आली. मेरठची नादिर अली यांची वाद्यांची कंपनी १८८५ सालची. पुढे मेरठची वाद्ये देशभरच्या वरातींत वाजत आली आहेत.

आता माझी हकिकत सांगतो. आमचे जुने बासवादक, ज्यांना आम्ही सारे तात्या म्हणत असू, ते आजारी पडले. सुपारी घेतलेली होती. मास्तर म्हणाले, "तू बास घे. तीनच पट्ट्या आहेत, बोटे तीच आहेत." बोटांचे त्यांचे म्हणणे खरे होते. पण तात्यांचा माउथपीस त्यांच्या स्वतःच्या मालकीचा, तो ते घरी घेऊन गेलेले. मग आम्ही युफोनियमचा माउथपीस घेतला, दांडीला कागद गुंडाळला आणि बासमध्ये बसवला. वरात अर्ध्यावर येईपर्यंत माझे ओठ सुजले. खालचे सूर निघेनात, वरचे निघाले ते चढे. नवरदेवाच्या मामांनी मास्तरांना सर्वांदेखत बोल लावले. ठरलेल्या पैशातून रक्कम कापली गेली आणि ती सोळा जणांच्या वाट्यातून गेली. चूक एकाची, भुर्दंड सगळ्यांना, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली.

त्या रागात मी दुसरी चूक केली. वाद्य मोठे तर माउथपीसही मोठा हवा, असे समजून शहरातल्या एका दुकानातून सर्वांत मोठा माउथपीस आणला. त्यात दोन लग्नांची कमाई गेली. महिनाभर नुसती हवा फुसफुसत राहिली. ओठ इतके सैल पडले की ट्रम्पेटही हातचा जाऊ लागला. दुकानदाराने बदलून दिला नाही. शेवटी तात्यांच्या घरी गेलो. त्यांनी दोन्ही माउथपीस हातात घेऊन पाहिले आणि म्हणाले, "पोरा, पहिल्यांदा तू बासात ट्रम्पेट शोधलास. दुसऱ्यांदा नुसता आकार पाहिलास. ओठाला कुणी विचारलेच नाही."

मित्रहो, तात्यांच्या या बोलण्याचा अर्थ मी पुढे वाचून, विचारून समजून घेतला. तो असा.

बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी सरळ केली तर सुमारे साडेचार फूट भरते, युफोनियमची नऊ फूट आणि बी-फ्लॅट बासची अठरा फूट. ट्रम्पेटच्या ज्या खालच्या खुल्या सुराला ओठ सेकंदाला सुमारे २३३ वेळा थरथरतात, तोच सूर दोन सप्तके खाली बासवर काढताना ते सुमारे ५८ वेळाच थरथरतात. इतक्या सावकाश हलायला ओठाला जागा लागते. ती जागा म्हणजे माउथपीसची वाटी. ट्रम्पेटची वाटी आतून साधारण १६ ते १७ मिलिमीटर, युफोनियमची २५ ते २६ आणि बासची ३१ ते ३३. बँकवाल्याची एक खूण सांगतो. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते. ते युफोनियमच्या वाटीच्या काठावर अडकून बसेल, बासच्या वाटीत मात्र आत पडेल. म्हणून युफोनियमचा माउथपीस कागद गुंडाळून बासला चालत नाही. तिथे ओठाला हलायला जागाच मिळत नाही.

निवड करताना पहिली पाहायची ती दांडी. अमेरिकन धाटणीची दांडी थोडी बारीक, युरोपीय धाटणीची थोडी जाड, आणि काही जुन्या ब्रिटिश बासना याहूनही बारीक दांडी लागते. फरक एखाद्या मिलिमीटरचा, पण तेवढ्यावर सगळे बिघडते. दांडी बारीक असेल तर फार आत जाते, जाड असेल तर बाहेर राहते, आणि दोन्हीकडून सूर बिघडतो. म्हणून दुकानात जाताना शक्य असेल तर वाद्य बरोबर न्यावे. दांडी डळमळता कामा नये. कागद, दोरा, चिकटपट्टी हे उपाय नाहीत.

दुसरी गोष्ट वाटीचा आकार. ट्रम्पेटवरून येणाऱ्याने सुरुवातीला ३१ ते ३२ मिलिमीटरच्या आसपास, मध्यम खोलीची वाटी घ्यावी. युफोनियम किंवा ट्रॉम्बोनवरून येणाऱ्याचे ओठ रुंद वाटीला थोडे सरावलेले असतात, त्याला ३२च्या पुढे जायला हरकत नाही. फार उथळ वाटीत वरचे सूर सोपे होतात, पण खालचे पातळ पडतात, आणि बासचे काम तर खालीच आहे. फार मोठ्या वाटीत नवशिक्याचे ओठ आणि दम दोन्ही लवकर संपतात. बाख कंपनीच्या माउथपीसवर आकडा जितका मोठा, तितकी वाटी लहान, हे ध्यानात ठेवा. त्यांचा २४ एडब्ल्यू रुंद काठाचा आहे, १८ नंबर त्याहून रुंद वाटीचा. हेलबर्ग धाटणीची वाटी नरसाळ्यासारखी असते. तिचा आवाज भरदार येतो, पण काठ अरुंद असल्याने नव्या ओठाला तो टोचतो.

तिसरी गोष्ट काठ. काठ ओठावर टेकतो, म्हणून निवड करताना ओठाचे ऐकावे लागते. रुंद, गोलसर काठ जास्त वेळ सोसतो. अरुंद काठावर सूर चपळ फिरतात, पण वरातीच्या तीन तासांत तो ओठाला खातो. वरचा चांदीचा मुलामा उडून पितळ उघडे पडले असेल तर असा माउथपीस घेऊ नये, काहींच्या त्वचेला पितळ सोसत नाही. आणि दुसऱ्याचा माउथपीस धुतल्याशिवाय तोंडाला लावू नये.

तपासायचे कसे? आधी सगळ्यात खालचा खुला सूर लांब धरा, मग मधला, मग वरचा. सोबत्याला वीस पावलांवर उभे करा, कारण बास जवळून वेगळा आणि लांबून वेगळा ऐकू येतो. वरचा सूर चढा आणि खालचा गायब असेल तर वाटी लहान आहे. सगळेच सूर हवेसारखे फुसफुसत असतील तर ती तुम्हाला आज तरी मोठी आहे. अर्धा तास वाजवा आणि मग ट्रम्पेट हातात घ्या. थोड्या विश्रांतीनंतर ट्रम्पेट नीट बोलला तर निवड बरोबर. एकदा निवडल्यावर सहा महिने बदलू नका. ओठ शिकायला वेळ घेतो.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिरांना विचारा, तंबोऱ्याचा आवाज कुठे ठरतो? तुंबा केवढाही मोठा असो, घोडीवरची जवारी नीट लागली नाही तर तो बोलत नाही. पितळी वाद्यात माउथपीसचे काम तसेच आहे. वस्तू बोटभर, पण अठरा फूट नळीचे नशीब तिच्यावर अवलंबून.

तात्यांनी शेवटी आपला माउथपीस माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "धुऊन वाजव. पुढच्या पोराला असाच दे." तो आज माझ्याकडे नाही, बँडमधल्या एका मुलाकडे आहे, आणि तो मुलगा आता माझ्यापेक्षा चांगला वाजवतो.

विद्यार्थी मित्रहो, बासवाला मागच्या रांगेत असतो. त्याच्यावर कोणी नोटा ओवाळत नाही. पण तो थांबला की सगळ्या बँडच्या पायाखालची जमीन सरकते. तुम्हाला उद्या नवे वाद्य, नवी नोकरी, नवे शहर वाट्याला येईल. तेव्हा जुन्याचे माप नव्याला लावू नका, आणि मोठे दिसते म्हणूनही काही घेऊ नका. मोजून, तपासून, पेलेल एवढे घ्या आणि मग ते सोडू नका.