गोफ विणूं या



आमच्या इमारतींत चोवीस बिऱ्हाडें आहेत. तीन वर्षांपूर्वीं वरच्या मजल्यावरील एक वृद्ध गृहस्थ वारले. तळमजल्यावर राहणाऱ्या मला ही वार्ता कळली ती त्यांच्या तेराव्या दिवशीं, जिन्यांतून केळीचीं पानें वर नेणाऱ्या मुलाकडून! मी लगोलग भेटावयास गेलों. पण समोर बसलेल्या त्यांच्या चिरंजीवांचें नांव मला ठाऊक नव्हतें. आजचें माझें भाषण नाचाविषयीं आहे. परंतु त्याचा उगम त्या दिवशीं वाटलेल्या शरमेंत आहे, म्हणून ती गोष्ट आधीं सांगितली.

लोकनृत्य म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें रंगमंच येतो, आणि आपण खुर्चीवर बसलेले असतों. वस्तुतः मंगळागौरीच्या रात्रीं झिम्मा-फुगडी खेळणाऱ्या बायका कोणाला दाखविण्यासाठीं खेळत नव्हत्या. बसलेलीला हात धरून उठविणें हा त्या खेळाचाच भाग होता. पाहणारा व नाचणारा ही फाळणी मागाहून झाली.

शहरांतील शिकलेल्या माणसांनीं ही फाळणी मोडल्याचीं उदाहरणें आहेत. सेसिल शार्प या संगीतशिक्षकानें २६ डिसेंबर १८९९ रोजीं ऑक्सफर्डजवळील हेडिंग्टन येथें खेडुतांचा मॉरिस नाच पाहिला. पुढें १९११ सालीं त्यानें इंग्लिश लोकनृत्य मंडळ स्थापन केलें. आपल्या देशांत बंगालचे गुरुसदय दत्त हे आय. सी. एस. अधिकारी. त्यांनीं बीरभूम जिल्ह्यांतील रायबेंशे नृत्य उजेडांत आणलें, व १९३२ सालीं सुरू केलेल्या व्रतचारी चळवळींत नृत्याला मानाचें स्थान दिलें.

आपण आरंभ कशानें करावा? लेझीम उत्तम खरी, पण तिला दंडांत बळ हवें; फुगडीला गुडघे शाबूत हवे. नवशिक्यांनीं, विशेषतः निरनिराळ्या वयाच्या माणसांनीं, गोफापासून आरंभ करावा असें मी अनुभवानें सांगतों. कोंकणांत आणि गोव्यांत शिमग्याच्या दिवसांत हा नाच होतो. वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्या हातीं धरून माणसें फेर धरतात. पाहतां पाहतां दोऱ्यांची वेणी विणली जाते, आणि उलट पावलांनीं तीच वेणी उकलते. ज्याला चालतां येतें, त्याला गोफ येतो.

माणसें आठ असावींत. निदान संख्या सम असावी. आम्ही गच्चीवरील टाकीखालच्या तुळईला आठ रंगांच्या दोऱ्या बांधल्या. दोरीची लांबी टांगण्याच्या उंचीच्या सुमारें दीडपट ठेवावी. काथ्या नको, तो हाताला काचतो; सुती नाडा किंवा जुन्या लुगड्याच्या पट्ट्या चांगल्या. वर्तुळांत उभे राहून एकाआड एक माणसानें उलट दिशेस तोंड करावें, म्हणजे चौघे उजवीकडे व चौघे डावीकडे निघतील. उजवीकडे जाणाऱ्यांनीं समोरून येणाऱ्या पहिल्या माणसाच्या आंतून जावें, दुसऱ्याच्या बाहेरून, तिसऱ्याच्या पुन्हां आंतून. डावीकडे जाणाऱ्यांनीं पहिल्याच्या बाहेरून आरंभ करावा. उकलतांना जागच्या जागीं मागें वळावें. ज्याच्याजवळून शेवटीं गेलों, त्याच्याच जवळून प्रथम परतावें, आणि तेंहि त्याच बाजूनें: बाहेरून गेलों असूं तर बाहेरूनच. पहिले दोन दिवस दोऱ्या हातीं घेऊंच नयेत. नुसतें चालावें व तोंडानें आंकडे मोजावे. ढोलकी आणि झांज मागाहून. वेषभूषा, ध्वनिक्षेपक व प्रमुख पाहुणे यांपैकीं कांहींहि आणूं नये.

आतां खरी अडचण. ती पायांची नसून लाजेची आहे. "या वयांत हें कसलें?" असें आमच्याकडेहि पुष्कळांनीं म्हटलें. त्यावर मला एकच तोड सांपडली, ती ही कीं बघ्यांना गच्चीवर बसावयास जागा ठेवूं नये. जो येईल त्याच्या हातीं दोरी द्यावी. ज्यांना चालवत नव्हतें अशा एका आजींना आम्ही आंकडे म्हणावयास बसविलें. त्यांची चूक काढण्याची आजवर कोणाची छाती झालेली नाहीं.

दोऱ्या प्रथम हातीं घेतल्या त्या संध्याकाळीं आमच्या गोफाची जटा झाली. ती सोडवावयास पाऊण तास लागला. पाण्याच्या वेळेवरून दोन वर्षें अबोला धरलेल्या दोघी गृहिणी त्या जटेंत शेजारीं शेजारीं सांपडल्या. एक म्हणाली, "अहो, तुम्ही माझ्या बाहेरून यायचं होतं!" दुसरी म्हणाली, "बाहेरूनच आले, तुमची दोरी आडवी आली!" भांडण झालेंच, पण अबोला संपला. इतके दिवस एका जिन्यानें चढलों-उतरलों, पण आमच्या ओळखी झाल्या त्या ह्या पाऊण तासांत. म्हणून चूक होईल या भीतीनें कोणी मागें राहूं नये. गोफांत एकाची चूक सर्वांना थांबविते, व सर्वांनीं मिळूनच ती काढावी लागते.

नाचानें माणसांचे स्वभाव पालटतात असें मी म्हणत नाहीं. आमच्याकडे पाण्याची तक्रार अजून आहे, व जिन्यांत कोणाची सायकल असावी हाहि प्रश्न सुटलेला नाहीं. परंतु दर रविवारीं सायंकाळीं आम्ही सोळा जण दोन फेर धरतों. त्या वृद्ध गृहस्थांचे चिरंजीव माझ्या समोरच्या दिशेनें येतात. प्रत्येक फेरींत आम्ही एकमेकांच्या जवळून जातों. मागच्या महिन्यांत ते दोन रविवार दिसले नाहींत, तेव्हां मी वर जाऊन दार वाजविलें. त्यांना ताप आला होता. या खेपेस त्यांना कोणत्या नांवानें हांक मारावी, हें मला ठाऊक होतें.

आपल्याहि इमारतीला गच्ची असेल. आठ दोऱ्या महाग नाहींत.