मुलांचे मन जपताना

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या पालक मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे पूर्ण केली. पाठशाळा, विद्यार्थी वसतिगृह, शिष्यवृत्ती आणि दरवर्षीचा गुणगौरव समारंभ या मार्गांनी या संस्थेने समाजातील मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहिली. अशा मंगल प्रसंगी मुलांच्या मानसिक आरोग्यावर बोला, असा विश्वस्तांनी आग्रह केला. उत्सवाच्या मांडवात हा विषय थोडा जड वाटेल. परंतु ज्या संस्थेने इतकी वर्षे मुलांच्या शिक्षणाकडे पाहिले, तिनेच त्यांच्या मनाकडेही पाहावे, हे मला उचित वाटते.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. आयुष्यभर शाळेत शिकविलेला एक शिक्षक आहे. म्हणून शास्त्रापेक्षा अनुभवाने सुरुवात करतो, आणि तो अनुभव माझ्या चुकीचा आहे.

१९९२ च्या सुमारास मी एका गावातील हायस्कूलमध्ये नववीचा वर्गशिक्षक होतो. सहामाही परीक्षेनंतर प्रगतिपुस्तके घरी देऊन पालकांची सही आणावयास सांगत असू. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावरील सही मला संशयास्पद वाटली. गणितात त्याला १०० पैकी १९ गुण होते. मी शिपाई पाठवून वडिलांना बोलावून घेतले आणि वर्गासमोरच ते पुस्तक त्यांच्या हातात दिले. त्यांनी वर्गासमोरच मुलाच्या थोबाडीत मारली. मी मध्ये पडलो नाही. उलट, साऱ्या वर्गाला शिस्तीचा धडा मिळाला, असे त्या दिवशी मला वाटले.

मधल्या सुट्टीनंतर तो मुलगा वर्गात नव्हता. संध्याकाळी घरीही पोहोचला नाही. त्याच्या आईवडिलांनी आणि मी ती रात्र कशी काढली, हे सांगण्यास माझ्याजवळ शब्द नाहीत. विहिरी पाहिल्या, स्टँड पाहिला, नातेवाइकांची दारे ठोठावली. दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडल्यावर त्याच्या मामांचा शाळेत फोन आला. मुलगा आजोळी सुखरूप होता.

पुढे त्याच्या आजींनी मला जे सांगितले, ते मी आजवर विसरलो नाही. दिवस मावळतीला आलेला असताना नातू एकटाच दारात उभा असलेला त्यांनी पाहिला. सूर्यास्तानंतर त्यांच्या घरी चूल पेटत नसे. पोरगा रडत सांगू लागला, “आज्जी, मला मार्क कमी पडले. मी अण्णांची खोटी सही केली.” आजींनी त्याला तेथेच थांबविले. म्हणाल्या, “दिवस बुडायला आलाय. आधी दोन घास खाऊन घे. मार्काचं उद्या बघू.”

त्या मुलाने नंतर मला एक गोष्ट सांगितली. शाळेतून निघताना आजोळी जाण्याचे त्याने ठरविलेले नव्हते. कोठे जायचे हेच ठरले नव्हते. स्टँडवर आजोळची एस.टी. लागलेली दिसली, म्हणून तो तिच्यात बसला. मित्रहो, ती एस.टी. तेथे नसती तर काय झाले असते, हा प्रश्न आजही मला अस्वस्थ करतो.

मला आज जे सांगावयाचे आहे, ते सारे त्या आजींच्या एका वाक्यात आले आहे. वाईट बातमी घेऊन मुलाला ज्या घरात निर्भयपणे येता येते, ते घर मुलासाठी सुरक्षित. वडिलांच्या घरी आणि माझ्या वर्गात ती सोय नव्हती. आजींच्या दारात होती. आजींनी चूक पोटात घातली नाही, खोटी सही योग्य ठरविली नाही. त्यांनी केवळ क्रम बदलला. आधी मूल, मग गुण.

हा प्रश्न एकट्यादुकट्या घराचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती. अशा घटनेमागे क्वचितच एकच कारण असते. गुणपत्रक हे पुष्कळदा निमित्त ठरते. त्याच्या मागे महिनोन्‌महिने साचलेली भीती, एकटेपणा, न ओळखलेला आजार आणि ‘आता घरी तोंड कसे दाखवू’ ही भावना असते. यांतील शेवटची भावना दूर करणे आपल्या हाती आहे.

शाळेच्या ओझ्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये केंद्र सरकारला अहवाल दिला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या गोष्टींचे ओझे अधिक घातक आहे, असा त्या अहवालाचा आशय होता. शिक्षक म्हणून मी याची साक्ष देईन. आठवीत अपूर्णांक समजले नाहीत, हे सांगण्याची लाज वाटते. नववीत त्यावर बीजगणित चढते, दहावीत भूमिती. मूल आळशी दिसू लागते. वस्तुतः ते बुडत असते. अशा मुलाला आणखी एक क्लास लावून उपयोग होत नाही. त्याचे पाऊल नेमके कोठे घसरले, हे शेजारी बसून शोधावे लागते.

दिनक्रमाकडेही पाहू. पहाटे क्लास, मग शाळा, संध्याकाळी दुसरा क्लास, रात्री गृहपाठ आणि त्यानंतर हातात मोबाईल. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रोज ८ ते १० तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. आपल्या किती घरांत ती मिळते? लातूरला किंवा कोट्याला मुलाला ठेवताना आपण फी विचारतो, निकाल विचारतो. मुलगा झोपतो किती, जेवतो कोणाबरोबर आणि घाबरला तर बोलतो कोणाशी, हे प्रश्न आपल्या यादीत नसतात.

आता थोडे आपल्या वाणीविषयी. आपल्या घरांत पाणी गाळून घेतात, धान्य निवडून घेतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवालाही इजा होऊ नये म्हणून आपण जपतो. ही आपली थोर परंपरा आहे. परंतु गुणपत्रक हाती येताच आपण शब्द गाळून घेतो का? “काकांचा मुलगा बघ”, “तुझ्यावर केलेला खर्च पाण्यात गेला”, “समाजात मान खाली घालायला लावलीस”, ही वाक्ये आपण सहज बोलून जातो. मन, वचन आणि काया या तिन्हींनी हिंसा टाळावी, असे आपण पाठशाळेत मुलांना शिकवितो. मुले ते ऐकतात आणि घरी येऊन आपल्या वचनाकडे पाहतात. शाळांपुरते बोलायचे तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. घराला हा कायदा लागू नाही. तेथे आपला विवेकच कायदा.

मुलाचे मन थकले आहे हे ओळखावे कसे? मोठ्या माणसाचे नैराश्य उदास चेहऱ्यावर दिसते. मुलांचे पुष्कळदा चिडचिडीतून दिसते. शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखणे, झोप उडणे किंवा अति वाढणे, जेवण कमी होणे, मित्र तोडणे, आवडता खेळ सोडणे, आपली आवडती वस्तू देऊन टाकणे, ‘मी नसलो तर बरे’ असे काही बोलणे, ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर ‘नाटक करतो’ म्हणून सोडून देऊ नका. मरणाचा उल्लेख झाला, तर दोन आठवडेही थांबू नका. ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का’, असे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलण्यास वाट मिळते. अशा वेळी मुलाला एकटे सोडू नये आणि त्वरित डॉक्टरांकडे न्यावे.

मदत दूर नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. गावात कळले तर मुलीचे लग्न जमणार नाही, या भयाने उपचार टाळणारी घरे मी पाहिली आहेत. ताप आल्यावर आपण तो लपवीत नाही. मनाच्या तापालाही तीच वागणूक द्यावी.

आता संस्थेला, आपलेपणाच्या अधिकाराने, काही सुचवितो. आपला गुणगौरव समारंभ मला प्रिय आहे. मी स्वतः अनेकदा त्याचा प्रमुख पाहुणा होतो. मात्र त्या सभागृहात ५२ टक्के मिळालेला मुलगाही आईशेजारी बसलेला असतो, आणि नव्वदच्या वरची नावे पुकारली जात असताना तो खाली पाहत असतो. सत्कार बंद करा असे मी म्हणत नाही. त्याच्या जोडीला फेरपरीक्षेत चिकाटीने उत्तीर्ण झालेल्या मुलाचे नाव त्याची संमती घेऊन पुकारा. आजारी आजोबांची सेवा करीत शिकलेल्या मुलीला हार घाला. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, गुणांवरून तुकड्या पाडू नयेत आणि चारचौघांत विद्यार्थ्याला लाज आणू नये, असे म्हटले आहे. आपल्या वसतिगृहात मुलांची संख्या कितीही असो, आठवड्यातून एक दिवस समुपदेशक यावा आणि रेक्टरांना या विषयाचे प्रशिक्षण मिळावे, एवढा संकल्प या सुवर्णमहोत्सवात व्हावा.

आपल्याच समाजातील कर्मवीर भाऊराव पाटील यांचे स्मरण येथे होते. इंग्रजी सहावीपुढे त्यांचे शालेय शिक्षण गेले नाही. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट्. देऊन गौरविले. हे उदाहरण आपण नेहमी देतो, पण त्यातही एक धोका आहे. नापास झालेल्या प्रत्येक मुलाने कर्मवीर झालेच पाहिजे, असे नवे ओझे त्याच्यावर नको. एखादा मुलगा साधा दुकानदार होईल, शेती करील, सज्जनपणे संसार करील. तोही आपल्या प्रेमाला तितकाच पात्र आहे. माझा तो नववीतला विद्यार्थी आज दोन मुलांचा पिता आहे, आणि त्यांची प्रगतिपुस्तके तो जेवणे झाल्यावरच उघडतो, असे त्याने मला हसत सांगितले.

शेवटी एक ऋण व्यक्त करतो. त्या प्रसंगानंतर मी त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याची क्षमा मागितली. परंतु ती चार भिंतींच्या आत. अपमान मात्र मी चाळीस मुलांसमोर केला होता. तेवढे उणे माझ्या खात्यावर राहिले आहे. आज या सभेसमोर ते सांगून काही अंशी फेडीत आहे.

क्षमावाणीच्या दिवशी आपण लहानथोरांची क्षमा मागतो. नातेवाइकांना, व्यापारातील स्नेह्यांना पत्रे धाडतो, फोन करतो. यंदा त्या दिवशी प्रथम आपल्या मुलासमोर हात जोडू या. ‘रागाच्या भरात तुला लागेल असे बोललो असेन, तर मला क्षमा कर,’ एवढे म्हणावे. यात वडिलकीला कमीपणा येत नाही. ज्या मुलाने बापाला चूक कबूल करताना पाहिले, ते मूल आपली चूक घेऊन बापाकडेच येईल. कोठे जायचे हे न ठरविता स्टँडवर उभे राहणार नाही.